हौदा धरतो की नाही

धाकट्याला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे हलत होते आणि अंगणात एक टिपर उभा असायचा. पाळण्यांची कुरकुर थोरल्याला सोसायची. टिपरची सोसायची नाही.

टिपर दोघा भावांचा. बापानं वरच्या अंगाची जमीन विकून तो दोघांच्या नावानं घेतला होता. घेतला तेव्हाच जुना होता, पण इंजीन दणकट होतं. थोरला चालवायचा. धाकट्याकडे मागचा फाळका, टायर, ग्रीस आणि जॅक. जॅक म्हणजे हौद्याच्या पोटाखालचं ते जाड नळकांडं. दांडी ओढली की तेलाच्या जोरावर एकातून एक टप्पे बाहेर काढत जायचा आणि सगळा हौदा आभाळाकडे उचलायचा. माल मागून घरंगळला की दांडी सोडायची, हौदा खाली बसायचा. सगळा धंदा त्या एका उठण्याबसण्यावर.

पाऊस लागायच्या आत रस्ता पुरा करायचा होता, म्हणून खाणीवर गाड्यांची रांग लागलेली. अशा ऐन घाईत, भर उन्हात, रस्त्याच्या कामावर टिपरनं घात केला. मुरूम ओलसर होता. थोरल्यानं गाडी मागं लावली, हौदा उचलला. अर्धा माल पडला, अर्धा पुढच्या कोपऱ्याला चिकटून राहिला. धाकटा मागं जाऊन फाळक्यावर घण घालू लागला. तेवढ्यात वर उभा हौदा आपोआप, हळूहळू खाली येऊ लागला. म्हशीनं चिखलात बसावं तसा.

"अरे, त्याला डुलकी लागली!" मागच्या गाडीचा ड्रायव्हर ओरडला.

"अंगाई कोण म्हणतंय?" दुसरा म्हणाला. "दोन पाळणे हलतात ना घरी, तिथलीच सवय लागली असेल."

सगळे खो खो हसले. मुकादम छत्री घेऊन आला. त्यानं हौद्याकडे बघितलंसुद्धा नाही, थोरल्याकडे बघितलं. "बाजूला घे. पोटातलं बाहेर काढता येत नसेल तर रांगेत कशाला येता?"

मग दोघा भावांनी बाजूला उभं राहून फावड्यानं हौदा रिकामा केला. शेजारून गाड्या जात होत्या, येत होत्या, धूळ अंगावर बसत होती. थोरल्याच्या तळहाताला फोड आले. ड्रायव्हरच्या हाताला फावड्याची सवय राहत नाही.

"अण्णा, मी कधीपासून सांगतोय," धाकटा फावडं टेकवून म्हणाला. "जॅक धरत नाही."

"तेल बघितलंस?"

"तेल आहे तेवढंच आहे."

"गळतंय कुठं?"

"कुठंच नाही. व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तेल आतल्या आत टाकीत परत जातं."

"आतल्या आत," थोरला म्हणाला. त्यानं ते शब्द दाताखाली खडा यावा तसे चघळले. तेल गळत नाही, कमी होत नाही आणि तरी हौदा खाली येतो. त्याला हे पटेना. त्याच्या हिशेबानं एखादी वस्तू आपोआप बिघडते किंवा कुणीतरी ती बिघडवतं. आपोआप बिघडली तर ते दिसतं.

आणि त्याला दुसरंच काही दिसलं होतं. खाणीपलीकडे खडी फोडायचं यंत्र होतं, त्याचा मालक खडीवाला. या खडीवाल्यानं मागंच म्हटलं होतं, "गाडी विकायची झाली तर आधी मला सांगा." तेव्हा दोघांनी हसून सोडून दिलं. पण मुली झाल्यापासून धाकटा खडीवाल्याच्या मोटारसायकलवर मागं बसून येताना दोनदा दिसला. एकदा दोघं कठड्यावर बसून बोलत होते. थोरला जवळ गेला तशी दोघांची बोलणी थांबली. खडीवाल्यानं उगाच विचारलं, "काय अण्णा, ऊन फार आहे नाही?"

ऊन कुणाला दिसत नव्हतं का?

त्या संध्याकाळी दोघं गाडी घेऊन जॅकवाल्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं हौदा उचलायला लावला, खाली वाकला, कान लावून ऐकलं. "हा व्हॉल्व्हचा डबा पुरा खोलावा लागेल. गाडी ठेवून जा. सामान मागवायला लागेल, थोडे दिवस जातील."

"ऐन कामात गाडी उभी करू?"

"मग नका करू." मिस्त्रीनं हात पुसले. "पण हौद्याखाली कुणी जाऊ नका. टेकूशिवाय तर नाहीच." आणि त्यानं धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं मिस्त्रीकडे बघितलं.

ते बघणं थोरल्यानं घरापर्यंत सोबत आणलं.

"दोघांचं आधीच ठरलंय," जेवताना तो बायकोला म्हणाला. "गाडी उभी राहिली की काम जाणार. काम गेलं की म्हणायचं, विकून टाकू. घेणारा खडीवाला तयारच बसलाय."

"भावजींना दोन दोन पोरी झाल्यात," थोरली म्हणाली. "ते गाडी विकून खाणार काय?"

"वाटणी."

थोरलीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. तिला नवऱ्याचं हे बोलणं आवडलं नाही, पण पुरतं खोटंही वाटलं नाही. धाकटी जाऊ हल्ली तिच्याशी पाळण्यांपलीकडचं काही बोलत नसे.

थोरल्यानं मग पहारा सुरू केला. व्हॉल्व्हच्या डब्याच्या मोठ्या नटावर त्यानं कणकेचा छोटा गोळा दाबून बसवला, त्यावर अंगठा उमटवला. कुणी पाना लावला तर कणीक तुटणार. सकाळी बघितलं तर गोळा अर्धा गायब.

"बघ!" तो बायकोला ओढत घेऊन आला. "रात्रीतून कुणीतरी हात लावलाय."

थोरलीनं वाकून बघितलं. नटावरून मुंग्यांची रांग चाललेली होती, प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण. "या का?" ती म्हणाली. "यांनाही वाटणी पाहिजे असेल."

थोरला हसला नाही. मुंग्यांनी खाल्ली हे खरं. पण मुंग्या येण्याआधी कुणी पाना लावलाच नाही, हे कुणी सांगावं?

घरात या सगळ्यापासून लांब होता तो म्हातारा, दोघांचा बाप. तरुणपणी खाणीत हमाल होता, सुरुंगाच्या आवाजांनी कान गेले होते. त्याच्या डोळ्यांदेखत एक क्लीनर हौद्याखाली सापडून मेला होता. तेव्हापासून त्याला एकच खूळ. जुन्या तुळईचा एक सोट त्यानं दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी मारून टेकू म्हणून ठेवला होता. अंगणात हौदा वर दिसला की कुणी सांगायची वाट न बघता तो खांद्यावर सोट घेऊन यायचा आणि चेसिस आणि हौदा यांच्यात उभा करायचा. दोघा भावांच्या हातालाही सवय लागली होती, टेकूच्या मापाइतकाच हौदा उचलायची. उतरवताना आधी हौदा थोडा वर घ्यायचा, म्हातारा टेकू काढून न्यायचा, मग दांडी सोडायची. इतकी वर्षं हे चाललं होतं की म्हाताऱ्याच्या या येण्याजाण्याकडे आता कुणाचं लक्षच जात नसे. घरातल्या माणसाच्या खोकल्याकडे जात नाही, तसं.

एका सुट्टीच्या दुपारी थोरल्यानं ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावायचा.

त्यानं अंगणात रिकामा हौदा उचलला, इंजीन बंद केलं, किल्ली खिशात घातली. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्याला सुतळी बांधून खाली एक जड नट लोंबकळत सोडला. त्याखाली बादली पालथी घातली. नट बादलीला टेकतो न टेकतो इतपत गाठ मारली. "हौदा आला खाली तर नट बादलीवर लोळेल, सुतळी ढिली पडेल. नाही आला तर असाच राहील. चला, सगळे आत. कुणी गाडीजवळ फिरकायचं नाही."

"अण्णा, हे काय पोरखेळ?" धाकटा म्हणाला.

"पोरखेळ कोण करतंय ते कळेल आता. ताट घे."

धाकट्यानं दोन वेळा घड्याळाकडे बघितलं, मग आत जाऊन भिंतीला टेकून बसला. थोरला दाराच्या चौकटीत ताट घेऊन बसला, तोंड अंगणाकडे. घास खाली बघून घेतला नाही. सगळं जेवण त्यानं त्या नटावर नजर रोखून केलं. टिपरची अलीकडची बाजू त्याच्या पुढ्यात होती. बोनेट, दार, चाकं, सुतळी, बादली. मांजर गेलं तरी त्याला दिसलं असतं. पलीकडे म्हाताऱ्याची शेळी बांधलेली होती, तिच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज तेवढा येत होता.

जेवण झालं. हात धुऊन झाले. नट तसाच होता, बादलीला टेकून, सुतळी ताठ.

"ये," थोरल्यानं धाकट्याला हाक मारली. "बघ डोळे भरून."

धाकट्यानं सुतळी बोटानं दाबून बघितली. त्याचा चेहरा उतरला. "असं होणार नाही," तो पुटपुटला.

"होणार नाही? झालंय!" थोरला केबिनमध्ये चढला, इंजीन चालू केलं, पंप लावला आणि इरेला पडून हौदा पार वरच्या टोकापर्यंत नेला. "बघ! वर जातो, वर राहतो. तू नसलास की जॅकला काही होत नाही. तू बरोबर असलास की बिचाऱ्याला धरवत नाही!"

पलीकडच्या आरशात त्याला बाप भिंतीकडे जाताना दिसला, खांद्यावर काहीतरी लाकूड. शेळीच्या खुंट्याचं काहीतरी असेल. थोरल्याला तेव्हा बापाकडे बघायला सवड नव्हती. त्यानं दांडी सोडली, हौदा धाडकन खाली बसला. पाळण्यातल्या दोघी एकदम रडायला लागल्या.

"मी खोटं बोलतोय असं म्हणायचंय तुला?" धाकटा खालून म्हणाला.

"मी काही म्हणत नाही. सुतळी म्हणतेय."

"खडीवाल्याकडे मी कामासाठी गेलो होतो. यंत्रावर माणूस पाहिजे आहे त्याला. गाडी बंद पडली तर दोन घरं कशावर चालतील, म्हणून."

"म्हणजे गाडी बंद पडणार हे तुला आधीच ठाऊक होतं."

धाकट्यानं वाकून पालथी बादली उचलली. या माणसाला काहीही सांगितलं तरी ते फिरून आपल्यावरच येणार, हे त्याला कळलं. संध्याकाळी धाकटीनं पाळणे सोडले. दुसऱ्या दिवशी खडीवाल्याच्या आवारातल्या खोलीत त्यांनी बिऱ्हाड केलं. निघताना म्हाताऱ्यानं मुलाचा दंड धरून विचारलं, "काय झालं?" धाकटा त्याच्या कानाशी ओरडला, "काही नाही, बाबा! काम लागलं!" बापाला त्यातलं काम तेवढं ऐकू आलं. त्यानं मान डोलावली.

आता थोरला एकटाच. माल भरायचा, ओतायचा, फाळका स्वतःच उघडायचा, स्वतःच लावायचा. तो घाईनं ओतायचा. हौदा वर गेला, माल सुटला, लगेच खाली. थांबतच नव्हता, म्हणून खाली येतो की नाही हे दिसायलाही वाव नव्हता. एकदोनदा दिसलं तेव्हा त्यानं मनाशी म्हटलं, जमीन उताराची आहे. एकदा कामावर धाकटा समोरून येताना दिसला, अंगभर खडीची पांढरी पूड, भुवयासुद्धा पांढऱ्या. थोरल्यानं काच वर केली. वर करताना त्याला वाटलं, हा आता वाट बघत असेल, मी कधी पडतो म्हणून.

थोड्याच दिवसांत जॅकच्या बुडाची पिन ओरडायला लागली. ग्रीस हे धाकट्याचं काम होतं, कुणी केलंच नव्हतं. थोरल्यानं सकाळी अंगणात हौदा उचलला, नेहमीच्या मापाइतका. थोरली शेतावर गेली होती. म्हातारा शेळी घेऊन ओढ्याकडे. टेकू भिंतीला टेकून होता. थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं आणि ग्रीसची पिचकारी उचलली. स्वतःच्या डोळ्यांनी पारख केली होती. आता टेकू लावणं म्हणजे धाकटा खरा होता असं कबूल करणं.

चेसिसच्या पट्टीवर पोट टेकून तो आत वाकला. पिनचं तोंड मातीनं बुजलेलं होतं. तारेनं खरवडताना वेळ गेला. घाम डोळ्यात उतरत होता, ग्रीस बाजूनं बाहेर येत होतं, आत जात नव्हतं. शर्टाचा मागचा भाग होज पाइपच्या पट्ट्यात अडकलाय हे त्याला कळलं नाही.

"बाहेर ये!" मागून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"राहू द्या, बाबा! धरतोय!"

"आं?"

"धरतोय म्हणतो! त्या दिवशी सुतळी लावून बघितलं ना! जेवण होईपर्यंत धरला होता!"

म्हातारा भिंतीकडे वळला होता, सोट उचलत होता. त्याला त्यातलं 'त्या दिवशी' आणि 'धरला' तेवढं ऐकू आलं असावं, तिथूनच ओरडला. "त्या दिवशी टेकू होता! मी लावला होता, शेळीच्या अंगानं!"

थोरल्याच्या हातातली पिचकारी थांबली. त्यानं मान वळवून वर बघितलं. हौद्याचा बुडाचा गर्डर त्याच्या पाठीपासून वीतभर होता. आत वाकला तेव्हा तोच गर्डर चेसिसच्या पट्टीपासून छातीइतका वर होता. एवढ्या वेळात तो खाली येत होता आणि आवाज म्हणून झाला नव्हता. थोरल्यानं मागं अंग ओढलं. शर्ट ताणला गेला, फाटला नाही.

म्हाताऱ्यानं सोट आणला, उभा केला. तो बसेना. हौदा टेकूच्या मापाच्या खाली आला होता. म्हाताऱ्यानं एक शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही, आणि सोट तिरका घालून खांद्यानं आत रेटला. तेवढ्यात हौदा एकदम बसला. सोटावर बसला. एका श्वासाइतका तो सोटावर राहिला, तेवढ्यात शर्ट टरकला आणि थोरला मातीत मागं पडला. मग सोट सुटला. तिरका होता तो, सुटून पुढंच आला. म्हाताऱ्याच्या छातीवर.

दवाखान्यात म्हाताऱ्याच्या तोंडात नळी घातली होती. फासळ्या आत गेल्या होत्या. डोळे मिटलेले. धाकटा आला तो सरळ अंगणातून आला होता, तिथलं सगळं बघून.

"टेकूच्या टोकाला एका बाजूनंच खोच आहे," तो म्हणाला. "तिरका लावलेला होता. बाबांनी जन्मात कधी टेकू तिरका लावला नाही."

"हौदा खाली आला होता. सरळ बसेना."

"खाली आला होता?" धाकटा हळू आवाजात म्हणाला. "जॅक धरतो ना?"

थोरल्यानं सांगितलं. जसं झालं तसं सगळं. बाप काय ओरडला, तेही. शेळीच्या अंगानं टेकू होता. म्हणून सुतळी ताठ राहिली. "तूच खरा होतास," तो म्हणाला. हे शब्द तोंडातून काढायला त्याला दात उपटावा इतके कष्ट पडले.

धाकट्यानं त्याच्याकडे रोखून बघितलं. थोरल्याला ती नजर ओळखीची वाटली. तो स्वतः असाच बघत आला होता, नटाकडे, कणकेकडे, कठड्यावरच्या दोघांकडे.

"हे बाबा म्हणाले?"

"हो."

"कुणी ऐकलं?"

"कोण ऐकणार? आम्ही दोघंच होतो."

"वहिनी?"

"शेतावर."

"बरं," धाकटा म्हणाला. "म्हणजे टेकू लावला नाहीस तू, खाली गेलास तू, आणि चूक झाली ती बाबांनी गुपचूप टेकू लावल्यामुळं. आता नळी घालून पडलेत तर ती चूकही त्यांच्याच खांद्यावर ठेवलीस, अण्णा."

"मी तसं म्हटलं नाही रे."

"मग कसं म्हटलंस?"

थोरला बापाच्या खाटेकडे वळला. खरं होतं ते सांगून झालं होतं.

त्यानंतर धाकटा रोज सकाळी यंत्रावर जायच्या आधी यायचा. बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा. शेजारच्या खाटेवरचे लोक वळून बघायचे. "बाबा! त्या दिवशी टेकू तुम्ही लावला होता? मान हलवा! नुसती मान!" पायथ्याशी थोरला उभा असायचा, खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरून. त्याची स्वतःची मान नकळत हलायची. म्हाताऱ्याची हलत नसे. बाहेर बाकावर थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी बसायच्या, एकेक मूल मांडीवर घेऊन, दोघींची तोंडं दोन बाजूंना. खडीवाला येऊन गेला. दारातूनच म्हणाला, "काय अण्णा, कसं झालं हो हे?" ते विचारणं साधं होतं की नव्हतं, हे थोरल्याला आता ठरवता येईना.

गुरुवारी दुपारी धाकटा औषध आणायला खाली गेला. थोरला ओल्या फडक्यानं बापाचे पाय पुसत होता. पावलांना अजून अंगणातली माती होती. त्यानं वर बघितलं तर म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते. त्याच्याकडेच बघत होते.

विचारावं असं थोरल्याच्या मनात आलं. पण एकट्यानं विचारून काय उपयोग? तो फडकं टाकून जिन्याकडे धावला. कठड्यावरून वाकून त्यानं हाका मारल्या. धाकटा औषधाच्या खिडकीशी रांगेत होता. रांग सोडून, दोन दोन पायऱ्या ओलांडत वर आला. दोघं आत आले तेव्हा परिचारिका नळी काढत होती. तिनं म्हाताऱ्याचे डोळे मिटवले होते.

"उघडले होते," थोरला म्हणाला. "आत्ता उघडले होते."

"तू म्हणतोस तर उघडले असतील," धाकटा म्हणाला आणि बापाच्या उशाशी बसला.

म्हातारा वारला त्या गुरुवारी, दुपारचे तीन वाजायच्या सुमाराला, रस्त्याचं काम संपायच्या दोन दिवस आधी.